खिडकीपलीकडची पवई

कार्डांचा गठ्ठा हातातून निसटला की पोटात गोळा येई. १९७०च्या दशकात पवईच्या आयआयटीत संगणकाला काम सांगायचे तर ते पंच कार्डांवर. एका कार्डावर ऐंशी रकाने, आणि एका कार्डावर प्रोग्रामची एकच ओळ. पाचशे ओळींचा प्रोग्राम म्हणजे पाचशे कार्डे. त्यातली दोन मागेपुढे झाली तरी सगळे मुसळ केरात. म्हणून जाणती मुले गठ्ठा ठोकून सरळ करीत आणि त्याच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ ओढून ठेवीत. कार्डे सांडलीच तर ती रेघ पुन्हा सलग दिसेपर्यंत जुळवत बसायचे. मग रबरबँड लावून गठ्ठा खिडकीतून आत सरकवायचा, रजिस्टरात नाव लिहायचे आणि होस्टेलचा रस्ता धरायचा.

उत्तर दुसऱ्या दिवशी. लांबलचक घडीच्या कागदावर छापलेले ते उत्तर कप्प्यात येऊन पडलेले असे, आणि पुष्कळदा त्यात एवढेच असे की अमुक ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. मग नवे कार्ड, पुन्हा खिडकी, पुन्हा एक दिवस.

खिडकीच्या अलीकडच्या लोकांची नावे पुढे प्रबंधांवर, शोधनिबंधांवर आणि पदवीदान समारंभाच्या पुस्तिकांत आली. पलीकडे ऑपरेटर होते, सिस्टम प्रोग्रामर होते, एसीचे मेकॅनिक आणि वायरमन होते. त्यांची नावे आढळलीच तर हजेरीपटावर. यंत्रे बदलली, पदनामे बदलली. मात्र दुसऱ्या कुणाला बघावी लागणारी वाट थोडी कमी करायची, हे त्यांचे काम साठ वर्षांत बदललेले नाही. पवईतील संशोधनाच्या तांत्रिक सेवेचा इतिहास म्हणजे ही वाट कशी कमी होत गेली त्याची हकीकत.

खोक्यांबरोबर आलेली माणसे

आयआयटी मुंबईचे पहिले वर्ग पवईत भरलेच नाहीत. २५ जुलै १९५८ रोजी ते वरळीला ‘सस्मिरा’ या कापड संशोधन संस्थेच्या इमारतीत सुरू झाले. जागा १०० होत्या, अर्ज ३,४००हून अधिक. ब्रिगेडियर एस. के. बोस हे पहिले संचालक. पंडित नेहरूंनी १० मार्च १९५९ रोजी पवईला कोनशिला बसवली तेव्हा एका बाजूला विहार तलाव, दुसऱ्या बाजूला पवई तलाव आणि मध्ये झाडीझुडुपांची सुमारे साडेपाचशे एकर जमीन, असा मामला होता. आजही जवळच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या अधूनमधून आवारात दिसतो आणि रात्रपाळीच्या लोकांना सूचना जाते.

युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत ही या संस्थेची खास गोष्ट. १९५६ ते १९७३ या काळात तिथून ५९ तज्ज्ञ आले आणि इथल्या अध्यापकांसाठी २७ अभ्यासवृत्त्या मिळाल्या. या आकड्यांच्या मध्ये आणखी एक छोटा आकडा दडलेला असतो: १४ तंत्रज्ञ. संस्थेच्या इतिहासात त्यांना बहुधा एकाच ओळीची जागा मिळते. पण परदेशाहून आलेले यंत्र खोक्यातून निघाल्याबरोबर चालू होत नाही. त्याला पाया लागतो, तो पाणसळीला लावावा लागतो, इथल्या विजेशी त्याचे जमवून द्यावे लागते. शिवाय ते उघडायचे कसे आणि बंद करायचे कसे, हे कुणीतरी कुणाच्या तरी हाताला शिकवावे लागते.

ज्यांच्या हाताला ते शिकवले गेले, ते भारतीय फिटर, टर्नर, वेल्डर आणि प्रयोगशाळा सहायक हा या संस्थेचा पहिला तांत्रिक वर्ग. संशोधकाच्या मनातले उपकरण बाजारात मिळत नाही. ते घडवावे लागते. कागदावर काढलेला आराखडा वर्कशॉपमध्ये जाई तेव्हा पहिला प्रश्न लेथवरचा माणूस विचारी, “साहेब, या कोपऱ्यात टूल जाणार कसे?” मग आराखडा सुधारला जाई. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच काम काच फुंकणारा कारागीर करतो. निर्वात नळीचा सांधा जोडताना ज्योत किती ठेवायची आणि नंतर काच किती सावकाश थंड होऊ द्यायची, हे त्याने पुस्तकात वाचलेले नसते. घाई केली तर सांधा त्या दिवशी टिकतो आणि आठवड्याने तडकतो.

कुलाब्याची वारी

संगणकाच्या बाबतीत मुंबईचे तीर्थक्षेत्र आधी कुलाबा होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने देशात घडवलेला ‘टिफ्रॅक’ १९६०मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी म्हटली की ती जळणार. एवढ्या नळ्यांतली नेमकी कुठली गेली हे शोधणारी माणसे हाताशी नसतील तर संगणक म्हणजे खोलीभर उष्णता. १९६४मध्ये तिथे ‘सीडीसी ३६००’ हे बडे यंत्र आले आणि देशभरच्या विद्यापीठांची व संस्थांची कामे कुलाब्याला येऊ लागली.

एका पेटीत दोन हजार कार्डे मावत. ती पेटी काखोटीला मारून उपनगरातून लोकल पकडायची, शेवटच्या स्टेशनाला उतरायचे, तिथून बसने कुलाब्याचे टोक गाठायचे. चूक निघाली तर दुसऱ्या खेपेला तोच प्रवास. उपनगरातल्या संशोधकाला यंत्रापेक्षा लोकलचे वेळापत्रक जास्त पाठ असे, ते यामुळे.

पवईचे स्वतःचे पहिले यंत्रही सोव्हिएतच होते: ‘मिन्स्क-२’. बेलारूसच्या राजधानीचे नाव मिरवणारा हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक सेकंदाला पाचेक हजार क्रिया करी. आज हातातल्या फोनपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण आकडेमोडीचे हातयंत्र फिरवून महिने घालवणाऱ्याला तो चमत्कारच होता. पुढे १९७०च्या दशकात ‘ईसी-१०३०’ आले. पूर्व युरोपीय देशांनी मिळून आखलेल्या मालिकेतले हे यंत्र आतून आयबीएमच्या ‘सिस्टम/३६०’च्या धर्तीवर बांधलेले होते. त्याचा फायदा सरळ होता: जगात इतरत्र लिहिलेले फोरट्रानचे प्रोग्राम थोडी डागडुजी करून पवईत चालवता येत. ती डागडुजी सिस्टम प्रोग्रामरच्या वाट्याला येई.

थंड खोली

संगणकाची खोली हा त्या काळच्या मुंबईकराला नवलाचा विषय. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत स्वेटर घातलेला ऑपरेटर. ही थंडी यंत्रासाठी होती. त्यातही उष्णतेइतकाच, किंबहुना जास्त, त्रास दमटपणाचा. पंच कार्ड शेवटी जाड कागदच. मुंबईच्या हवेत तो ओलावा ओढतो, फुगतो, आणि फुगलेले कार्ड कार्ड रीडरच्या फटीत अडकते. अडकलेले कार्ड चुरगळते. मग ते हळूच सोडवायचे, त्यावरची भोके वाचून त्याची नक्कल पंच करायची आणि गठ्ठ्यात त्याच जागी घालायची. हे सगळे ज्याचा गठ्ठा आहे त्या विद्यार्थ्याला कळायच्या आत.

खोट्या फरशीखालून केबल आणि थंड हवा दोन्ही धावत. चुंबकीय टेपची रिळे २,४०० फूट लांबीची. रिळाच्या मागच्या खाचेत प्लास्टिकची एक कडी बसवली तरच त्या टेपवर नवे लिहिता येई. कडी काढली की जुनी माहिती सुरक्षित. कडी काढायला विसरलेला ऑपरेटर एखाद्याची दोन वर्षांची मेहनत पाच मिनिटांत पुसू शकत होता. टेपचे हेड अल्कोहोलच्या बोळ्याने पुसणे, प्रिंटरची रिबन बदलणे, कोणते काम आधी आणि कोणते नंतर लावायचे ते ठरवणे, ही पाळीची नेहमीची कामे. एसी बंद पडला की मात्र सगळे सोडून यंत्र ठरलेल्या क्रमाने उतरवायचे. मधेच वीज तोडली तर तबकड्या आणि टेपा कुठल्या अवस्थेत अडकतील याचा नेम नसे.

प्रबंधाची तारीख जवळ आली की खिडकीवरचे बोलणे बदले. “काका, आज रात्री लागेल का माझा जॉब?” या प्रश्नाला नियमाप्रमाणे एकच उत्तर होते, “रांगेत आहे.” तरीही पहाटे तीनला यंत्र मोकळे झाले तर छोटी कामे आधी उरकून घ्यायची, म्हणजे सकाळी दहाजणांची सुटका होते, हा हिशेब अनुभवी ऑपरेटर कुणी न सांगता करी. आज हेच काम ‘शेड्यूलर’ नावाचे सॉफ्टवेअर करते.

देखभाल हा त्याच दशकात देशापुढचाच प्रश्न झाला. परकीय चलन कायद्यानंतर मालकीचा वाटा कमी करायला नकार देऊन आयबीएमने १९७८मध्ये भारतातला गाशा गुंडाळला. तिची शेकडो यंत्रे मात्र इथल्या कचेऱ्यांत आणि संस्थांत तशीच राहिली. ती चालती ठेवण्याची जबाबदारी ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीने उचलली. ‘सीएमसी’ या नावाने पुढे मोठ्या झालेल्या या कंपनीच्या मूळ नावातच देखभाल होती. सुटा भाग मागवायचा तर आयात परवाना, परकीय चलन आणि गोदीतून सुटका अशा तीन रांगा. त्यामुळे भाग बदलण्याऐवजी तो दुरुस्त करायची सवय त्या पिढीच्या हाताला लागली. अमुक बोर्डावरचा तमुक ट्रान्झिस्टर गेला आहे, एवढ्या तपशिलापर्यंत जाणारा तंत्रज्ञ आज दुर्मीळ आहे, कारण आज अख्खा बोर्डच बदलतात.

नमुन्यांची रांग

१९७६ साली केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने पवईत प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्र सुरू झाले. लोक त्याला ‘आरसिक’ म्हणत; आता ते ‘सैफ’ या नावाने ओळखले जाते. कल्पना व्यवहारी होती. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाचे यंत्र किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही. मग ती एका ठिकाणी ठेवायची आणि कुणीही शुल्क भरून नमुना पाठवायचा. इथे पुन्हा खिडकी आली. फक्त कार्डांऐवजी कुपीतली पूड आत जाऊ लागली.

नमुना पाठवणारा लांबच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातला संशोधक असेल, तर त्याची आणि यंत्राची कधी गाठच पडत नाही. त्याच्या वतीने यंत्राशी बोलतो तो तंत्रज्ञ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायची तांब्याची जाळी जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाची असते. चिमट्याने ती उचलताना श्वास रोखावा लागतो, कारण हाताच्या थरथरीने ती उडाली तर फरशीवर सापडणे कठीण. पूड नीट विखुरलेली नसेल तर पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो. “नमुना पुन्हा तयार करून पाठवा” असे तंत्रज्ञ कळवतो तेव्हा पलीकडे कुणाचे तरी तोंड उतरते. पण तो डाग अहवालात तसाच पाठवला असता तर चूक प्रबंधात गेली असती.

अनुनाद यंत्राचे दुखणे निराळे. त्याच्या गाभ्यातले अतिसंवाहक चुंबक द्रव हेलियमात, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेले असते. त्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचे कवच. नायट्रोजन सतत उडून जातो, म्हणून तो ठरलेल्या दिवशी भरावा लागतो. दिवाळी असो, गणपती असो वा बेस्टचा संप असो, ही पाळी चुकवता येत नाही. हेलियमची पातळी फार खाली गेली तर चुंबक आपले अतिसंवाहकत्व गमावते, साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि उरलेला महागडा हेलियम क्षणात वायू होऊन निघून जातो. असे झाले की यंत्र पुन्हा उभे करायला बराच काळ लागतो. म्हणून सुट्ट्यांच्या यादीवर आधी हातमोजे घालून नायट्रोजन भरणाऱ्यांची नावे लिहिली जातात, मग सुट्ट्या.

कलिन्यातल्या मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत याच विचाराची दुसरी बाजू दिसते. तिथले पश्चिम विभागीय उपकरण केंद्र महाविद्यालयांतल्या उपकरणांची दुरुस्ती आणि ती दुरुस्त करू शकणाऱ्यांचे प्रशिक्षण या कामांशी जोडलेले राहिले. बंद पडलेला वर्णपटमापक कपाटावर धूळ खात पडण्याऐवजी पुन्हा वर्गात यावा, हा त्यामागचा हेतू.

जुहू ते पवई, रात्री उशिरा

पवईहून अंधेरी ओलांडून पश्चिमेला गेले की जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर एक इमारत लागते. १९८५मध्ये स्वायत्त झालेली ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’, म्हणजे एनसीएसटी, इथे होती. तिचे मूळ कुलाब्याच्या टाटा संस्थेतले, संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी. १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशातून ‘अर्नेट’ हा शिक्षण व संशोधनाचा जाळेप्रकल्प हाती घेतला. त्यात आठ भिडू होते: पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग. पहिल्या काही दुव्यांपैकी एक जुहू आणि पवई यांच्यात, साध्या टेलिफोनवरून जोडला गेला.

साधा टेलिफोन हा शब्द इथे फसवा आहे. महानगर टेलिफोन निगम त्याच वर्षी, १ एप्रिल १९८६ला सुरू झालेले. फोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबायचे ते दिवस. पावसाळ्यात जमिनीखालच्या तांब्याच्या केबलमध्ये पाणी शिरले की फोनवर तळणीतल्या भज्यांसारखा चरचराट ऐकू येई. माणूस त्यातूनही “हॅलो, हॅलो” करून बोलणे उरकतो. मोडेमला ते जमत नाही. खरखर वाढली की जोडणी तुटे आणि पत्र अर्ध्यात अडके.

यावर उपाय होता ‘साठवा आणि पुढे पाठवा’ ही पद्धत. दिवसभर लिहिलेली पत्रे आपल्याच यंत्रात साठत राहायची. ठरलेल्या वेळी, शक्यतो लाइन मोकळी असताना, एक मोडेम दुसऱ्याला फोन लावी, दोघांची शिट्टीच्या सुरात ओळख पटे आणि साठलेल्या पत्रांची देवघेव होई. जोडणी तुटली तर पुन्हा फोन. सकाळी आल्याबरोबर तंत्रज्ञ आधी रात्रीची नोंद वाचे: किती वेळा फोन लावला, किती वेळा लागला, किती पत्रे गेली, किती अडकली. कार्डांच्या काळात उत्तराला एक दिवस लागायचा. आता पत्राला एक रात्र लागू लागली. पण हे पत्र गावातले नव्हते, परगावचे होते आणि लवकरच परदेशातलेही झाले.

१९८९मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ‘यूयूनेट’पर्यंत ९.६ किलोबिटची लीज लाइन सुरू झाली. जुहूतल्या ‘शक्ती’ नावाच्या यंत्रातून देशभरच्या संशोधकांची पत्रे ये-जा करीत. त्या काळच्या पत्त्यांत ‘शक्ती’ हे नाव ठळक दिसे. ९.६ किलोबिट म्हणजे किती? आज फोनवर सहज पाठवला जाणारा तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या लाइनवर एकट्याने पाऊण तास अडवून बसला असता, आणि तेवढा वेळ देशभरचे संशोधक ताटकळले असते. त्यामुळे मोठी फाइल कुणी, केव्हा मागवायची याला शिस्त होती. ती पाळायला लावणाऱ्या मंडळींवर चिडणारेही बरेच होते.

त्याच वर्षी ‘.इन’ हे भारताचे नाव जाळ्यावर नोंदले गेले आणि त्याची वही एनसीएसटीकडे आली. शिक्षणसंस्थेला ‘एसी.इन’, संशोधन संस्थेला ‘रेस.इन’ अशी नावे देताना अर्ज तपासले जात. त्यामुळे २००५मध्ये नोंदणी सर्वांसाठी खुली होईपर्यंत ‘.इन’ची नावे काही हजारांवरच राहिली होती. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिले तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली. पवई आणि जुहूच्या तंत्रज्ञांच्या गाठीशी तोवर त्याच कामाचा आठेक वर्षांचा अनुभव होता. रमणींना २०१४मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. एनसीएसटी तोवर, २००२-०३च्या सुमारास, सी-डॅकमध्ये विलीन झाली होती.

मराठीला लागलेला उशीर

या पत्रांची एक गंमत होती. मराठी माणूस मराठी माणसाला लिही ते रोमन अक्षरांत. “Kasa ahes” हे आपल्याकडे मोबाइलमुळे आले असे वाटते, पण ते त्याही आधी मोडेमवरून येऊन गेले आहे. यंत्राला देवनागरी येत नव्हती, आणि आली तेव्हा एका यंत्राची दुसऱ्याला कळत नव्हती. १९९१मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आणि ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती दोन्ही आल्या. तरी अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते पडद्यावर नीट उमटले असे होत नाही. ‘र्‍हास’मधला अर्धा र कसा काढायचा, ‘क्ष’ची गाठ किती घट्ट बांधायची, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या अलीकडे कशी सरकवायची, हे कुणीतरी यंत्राला शिकवावे लागते.

ते शिकवणाऱ्यांत प्रा. र. कृ. जोशी यांचे नाव पहिल्या ओळीत येते. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक असलेले जोशी निवृत्तीनंतर जुहूच्या एनसीएसटीत गेले. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक ‘विंडोज २०००’बरोबर घरोघरी पोचला. एनसीएसटीने मुक्त परवान्याखाली दिलेल्या दुसऱ्या टंकाचे नाव ‘रघू’. २००८मध्ये जोशी गेले. सरकारी कार्यालयातला अर्ज असो की सोसायटीची नोटीस, त्यांचे ‘मंगल’ रोज कुणीतरी वाचत असते. बहुतेकांना तो टंक आहे हेही ठाऊक नसते, आणि टंक घडवणाऱ्याच्या हिशेबी ती पसंतीची पावतीच.

धुळीला बंदी

२००६मध्ये केंद्र सरकारच्या मदतीने आयआयटी मुंबई आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे उत्कृष्टता केंद्र सुरू केले. दोन वर्षांनी त्याला बाहेरच्या संशोधकांसाठीचा कार्यक्रम जोडला गेला. देशातल्या कोणत्याही महाविद्यालयातल्या माणसाने इथे यावे, शिकावे आणि आपला सूक्ष्म उपकरणाचा प्रयोग करून न्यावा, अशी सोय झाली. पवईची खिडकी आता काचेची आणि आरपार दिसणारी झाली होती, पण आत शिरणे मात्र जास्त अवघड.

‘स्वच्छ कक्ष’ म्हणजे आपण फिनेलने पुसतो तशी स्वच्छता नव्हे. ‘क्लास १०००’च्या खोलीत एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनहून मोठे कण हजाराहून जास्त चालत नाहीत; तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा चढवायचा. पावडर नको, काजळ नको, पेन्सिल तर नकोच. साधा कागदही तंतू सोडतो म्हणून नोंदीसाठी खास कागद. हवा छतातून गाळून खाली येते आणि बाजूने निघून जाते, दिवसरात्र. पंखे एका रात्री बंद ठेवले तर खोली पुन्हा मूळ पदावर यायला वेळ जातो, म्हणून विजेच्या बिलाला घाबरून ते थांबवता येत नाहीत.

इथल्या तंत्रज्ञाला सफाईपेक्षा मोठी काळजी सुरक्षेची. सिलेन वायू हवेला लागताच आपोआप पेटतो. फॉस्फीन विषारी. सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर काढणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडले तर सुरुवातीला फारसे जाणवतही नाही आणि आत हाडापर्यंत जाते. म्हणून त्या ओट्याजवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम कायम हाताशी ठेवायचे. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी यंत्र न दाखवता मलमाची जागा, डोळे धुण्याचा नळ आणि बाहेर पडायचा रस्ता दाखवतात. हे नीट सांगता आले नाही तर पुढचे शिक्षण थांबते. कितीही हुशार असला तरी.

पाऊस आणि सूचना

उपनगरातल्या कुठल्याही तांत्रिक केंद्राचे वर्ष मे महिन्यात सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. पन्हळी साफ, पंप तपासलेले, जनरेटर भार देऊन चालवून बघितलेला, यूपीएसच्या बॅटऱ्या मोजलेल्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम ७३. विहार आणि पवई तलावांचे पाणी मिठी नदीत उतरले आणि कुर्ला, कलिना, साकीनाका पाण्याखाली गेले. तळमजल्यावर जनरेटर आणि बॅटऱ्या ठेवणे किती महागात पडते, हे उपनगरांतल्या कित्येक आस्थापनांना त्या रात्री समजले. एकच शहर, पण पाऊस दोन शहरांचा. आपत्तीचा आराखडा कुलाब्याच्या अंदाजावर आखून चालत नाही, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

२०२०च्या मार्चमध्ये पाण्याऐवजी शांतता आली. टाळेबंदीत आवार रिकामे झाले, पण नायट्रोजन उडायचा थांबला नाही आणि सर्व्हरही तापायचे थांबले नाहीत. जूनमध्ये आयआयटी मुंबईने उरलेल्या वर्षात समोरासमोर वर्ग होणार नाहीत असे जाहीर केले, आणि गरजू विद्यार्थ्यांच्या लॅपटॉप व इंटरनेटसाठी माजी विद्यार्थ्यांकडे मदत मागितली. सगळी संस्था खिडकीच्या अलीकडे, आपापल्या घरी गेली. पलीकडे राहिले ते पास दाखवून नाकाबंदीतून येणारे मोजके लोक.

आता कार्डे नाहीत, कप्पे नाहीत. प्रोग्राम घरून पाठवता येतो आणि रांगेतला आपला क्रमांक पडद्यावर दिसतो. बाहेरच्या माणसाला तांत्रिक विभागाची आठवण येते ती महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या एका मेलमुळे: “देखभालीसाठी रविवारी सकाळी ६ ते ९ या वेळेत सेवा बंद राहतील. गैरसोयीबद्दल दिलगिरी.” ही वेळ सहज निवडलेली नसते. आठवडाभराचा वापर तपासून, कमीत कमी लोकांचे काम अडेल अशी ती फट शोधलेली असते. त्या सकाळी कुणी कांजूरमार्गला उतरून रिक्षा पकडतो, कुणी अंधेरीहून पहिली बस. स्विच बदलतात, केबल मोजतात, एक यंत्र नीट उठत नाही म्हणून पुन्हा बसवून उठवतात, आणि मग पहिला प्रलंबित जॉब पुढे सरकतो. रजिस्टर आता पडद्यावरचे असते. त्यात शेवटची ओळ पडते: ८.४०, सर्व सेवा सुरू. मग मंडळी चहाला कॅन्टीनकडे निघतात.